अर्धा मिलिमीटर लोखंड

लंडन आणि बर्मिंगहॅम येथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तयार झालेल्या दुनळी बंदुका आजही मोठ्या संख्येने शिल्लक आहेत. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, खटक्याच्या पट्ट्यांवर बारीक कोरीवकाम, आणि नळ्यांवर सापाच्या कातीसारखी नक्षी. अशी बंदूक वारशाने हाती आली की मालकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. नळ्या आतून गंजाने खडबडीत झालेल्या असतात, एखाद्या नळीला पोचा आलेला असतो, दोन नळ्यांना जोडणारी पट्टी सैल झालेली असते. या नळ्या दुरुस्त कराव्यात, की काढून टाकून नव्या बसवाव्यात?

वरवर पाहता हा कारागिराचा प्रश्न आहे. पण उत्तर चुकले तर काय होते, ते पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. नेम धरताना डावा हात नळ्यांच्या खाली असतो, आणि नळीची भिंत जिथे पातळ होत जाते तो भाग नेमका त्या हाताच्या आसपास येतो. नळी फुटली तर बोटे जातात. उलट, धडधाकट नळ्या भीतीपोटी बदलल्या, तर आज कोणीही सहजी घडवू शकणार नाही असा लोहारकामाचा नमुना भंगारात जातो. या दोन्ही चुका गेल्या शतकात भरपूर झाल्या आहेत. त्या टाळण्याचे मार्ग इंग्लंडमध्ये हळूहळू कसे सापडत गेले, तो इतिहास पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला उपयोगी पडावा असा आहे.

नक्षी कुठून आली?

नळी करण्याची सर्वात जुनी आणि सोपी रीत म्हणजे लोखंडाची पट्टी तापवून तिची लांबट सुरळी करायची आणि कडा ठोकून एकजीव करायच्या. म्हणजे सांधा नळीच्या लांबीच्या दिशेने जाणार. येथेच अडचण आहे. जुना रबरी नळ पाण्याच्या दाबाने फाटतो तेव्हा चीर कोणत्या दिशेने पडते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. चीर लांबीच्या दिशेने पडते. आतला दाब नळीला घेराच्या दिशेने जास्त ताणतो. दोन्ही टोके बंद असलेल्या नळकांड्यात घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. लांबीचा सांधा हा जास्त ताण सगळाच्या सगळा अंगावर घेतो.

लोहारांना हे गणित ठाऊक नव्हते, पण फुटलेल्या नळ्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी पट्टी एका सळईभोवती दोरीसारखी गुंडाळायला सुरुवात केली आणि वेढ्यांच्या कडा तापवून ठोकून जोडल्या. आता सांधा आडवा फिरत जाणार आणि लोखंडाचे तंतू घेराच्या दिशेने राहणार. पुढे कच्चा माल निवडण्यातही चोखंदळपणा आला. घोड्याच्या नालांचे झिजलेले खिळे गोळा करून, त्यांचे गठ्ठे वितळत्या उष्णतेला जोडून पट्ट्या काढीत. हे खिळे चांगल्या लोखंडाचे असत आणि ठोकून ठोकून अधिकच चिवट झालेले असत.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे ती नक्षीदार नळी. लोखंड आणि पोलाद यांच्या पातळ पट्ट्या आलटून पालटून एकावर एक रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, त्या गठ्ठ्याची चौकोनी सळई ओढायची आणि ती सळई तापवून पिळायची. अशा दोन, तीन किंवा अधिक पिळलेल्या सळया शेजारी शेजारी ठेवून, त्यांची पट्टी करून, ती सळईभोवती गुंडाळायची. शेवटी आतून भोक कातून आणि बाहेरून घासून नळी तयार झाली की तिला मुद्दाम हळूहळू गंजवीत. लोखंड आणि पोलाद सारखेच गंजत नाहीत, त्यामुळे थर वेगवेगळ्या रंगांचे दिसू लागतात आणि पिळाची नक्षी उमटते. नक्षी वरून काढलेली नसते. ती नळीच्या पूर्ण जाडीतून गेलेली असते.

या नळ्यांना 'दमास्कस' म्हणत, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे. ज्या तलवारींमुळे दमास्कस शहराचे नाव पोलादाला चिकटले, त्या तलवारींचे उत्तम पोलाद दख्खनच्या मुशींत तयार होत असे. कानडीतला 'उक्कू' हा शब्द युरोपात 'वूट्झ' झाला तो त्यामुळेच. त्या पोलादातील नक्षी धातू थंड होताना आणि घडवताना त्याच्या आतच तयार होते. बंदुकीच्या नळीतली नक्षी मात्र थर रचून आणि पीळ देऊन आणलेली असते. दोहोंत साम्य आहे ते डोळ्यांना दिसणारे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाचे मोठे केंद्र बेल्जियममध्ये, लिएजजवळच्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात होते. इंग्लिश बंदुकांवरच्या कितीतरी नळ्या तिथून कच्च्या स्वरूपात येत. पहिल्या महायुद्धाने तो धंदा मोडला आणि पुन्हा उभा राहिला नाही. त्यामुळे आज 'नळी बदलणे' याचा व्यवहारातला अर्थ, नक्षीच्या जागी साधे पोलाद, असाच होतो.

बार काढून पाहणे

नळी भक्कम आहे, हे कोणाच्या शब्दावर मानायचे? बनवणाऱ्याच्या नाही, हे इंग्लंडने फार लवकर ठरवले. १६३७ मध्ये लंडनच्या बंदूककारांच्या संघाला राजाची सनद मिळाली आणि नळ्या तपासून शिक्का मारण्याचा अधिकार त्या संघाकडे आला. १८१३ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने बर्मिंगहॅम येथे परीक्षागृह स्थापन झाले. ते आजही चालू आहे. १८६८ च्या कायद्याने या सगळ्या नियमांची एकत्र बांधणी झाली.

परीक्षेची रीत सरळ आहे. नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करणारा भार भरायचा, माणसांना दूर ठेवायचे आणि बार काढायचा. एकोणिसाव्या शतकात अर्धवट तयार नळ्यांची ओळच्या ओळ एका बंद खोलीत मांडून, मागून दारूची रेघ ओढून ती पेटवत. गोळ्या समोरच्या वाळूत जात. नंतर प्रत्येक नळी पाहायची. फुगली असेल, चिरली असेल तर बाद. टिकली तर शिक्का. तयार बंदुकीची पुन्हा एकदा परीक्षा होई.

शिक्क्यांबरोबर एक आकडाही ठोकला जाई, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. 'बारा बोअर' हा शब्द आपल्याकडेही ऐकू येतो. त्याचा अर्थ असा, की एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी या नळीत बरोबर बसेल. वर्गात हा हिशेब करून घेण्याजोगा आहे. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४ धरली तर गोळीचे आकारमान ३.३३ घन सेंटिमीटर आणि व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. हाच हिशेब तेरा गोळ्यांसाठी केला तर व्यास सुमारे १८.० मिलिमीटर.

आता समजा, एका जुन्या नळीवर १३ चा शिक्का आहे, पण आज मोजल्यावर आतला व्यास १८.५ भरतो. नळी आपोआप रुंद होत नाही. याचा अर्थ, मधल्या काळात कोणीतरी, बहुधा एकाहून अधिक वेळा, गंजाचे खड्डे घालवण्यासाठी ती आतून घासली आहे. सगळीकडून पाव मिलिमीटर लोखंड गेले आहे. कागदपत्रे हरवली, मालक बदलले, तरी हा एक आकडा नळीचा पूर्वेतिहास सांगतो.

दारू बदलली

शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची काळी दारू ती हीच. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन राखेच्या रूपात उरते आणि नळी काळ्या चिकट थराने भरून जाते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून लष्करी बंदुकीसाठी बिनधुराची दारू तयार केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शिकारी बंदुकांतही नव्या दारूने जुनीला मागे सारले.

नव्या दारूने दोन संकटे आणली. पहिले सगळ्यांना दिसले. काळी दारू मापाने भरण्याची सवय होती. नव्या दारूंपैकी काही मुद्दाम फुसफुशीत बनवलेल्या असत, म्हणजे जुने माप चालावे. पण काही दारू दाट होत्या आणि त्यांची थोडीशी भुकटी पुरे होई. जुन्या मापाने दाट दारू भरणाऱ्याची नळी फुटे. मग दोष नळीवर जाई, विशेषतः ती नक्षीदार असेल तर.

दुसरे संकट चोरपावलांनी आले, आणि मला ते जास्त मनोरंजक वाटते. काडतुसाच्या बुडातल्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते फुटले की पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचे सख्खे भावंडच. हवेतली ओल धरून ते पोलाद खाऊ लागते. काळ्या दारूच्या काळातही ते तयार होत होतेच. पण काळी राख धुवायला गरम पाणी लागे, आणि त्या पाण्यात क्लोराइडही विरघळून जाई. नवी दारू 'स्वच्छ' होती. लोकांनी पाणी सोडले आणि तेलाचा बोळा फिरवून नळी ठेवून देऊ लागले. तेलात क्लोराइड विरघळत नाही. म्हणजे नळ्या गंजल्या त्या दारू स्वच्छ झाल्यामुळे! खरा गुन्हेगार टोपी आहे हे १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या खाण विभागातील प्रयोगांतून स्पष्ट झाले आणि त्यानंतर क्लोरेट नसलेल्या टोप्या आल्या. मधल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या बंदुकांच्या नळ्या आतून देवीच्या व्रणांसारख्या दिसतात, त्याचे कारण हे आहे.

बदनाम नक्षी

फुटलेल्या नळ्यांच्या बातम्या आणि साध्या पोलादाच्या नळ्यांची जाहिरात, या दोहोंमुळे नक्षीदार नळी म्हणजे धोका, असा समज रूढ झाला. तो अजून टिकून आहे. अनेक दुकानदार आणि कारागीर नक्षी पाहताच 'बदला' असे सांगतात.

पण १८८८ ते १८९१ या काळात बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाने या समजाची कसोटी घेतली होती. नळ्यांचे जवळजवळ चाळीस प्रकार घेऊन, भार वाढवत वाढवत त्या फुगेपर्यंत आणि फुटेपर्यंत चाचण्या केल्या. पहिला क्रमांक साध्या पोलादाला मिळाला नाही. तीन पिळलेल्या सळयांपासून केलेल्या, थरांच्या इंग्लिश नळीला तो मिळाला. व्हिटवर्थ यांचे दाबाखाली ओतलेले पोलाद त्या काळी सर्वोत्तम मानले जाई. ते तिच्या मागे राहिले.

या निकालातून काय निघते आणि काय निघत नाही, हे नीट पाहायला हवे. चांगली घडवलेली नक्षीदार नळी जन्मतः दुबळी नव्हती, एवढे निश्चित. पण त्या नळ्या नव्या होत्या. शंभर वर्षे ओल, मीठ आणि घासकाम सोसलेल्या नळीबद्दल ती चाचणी काही सांगत नाही. शिवाय नक्षीदार नळीत सांध्यांची एकूण लांबी प्रचंड असते. ठोकताना एखाद्या ठिकाणी मळी अडकून राहिली असेल, तर गंज त्या रेषेने आत शिरतो आणि वरून दिसणारा खड्डा त्याची पूर्ण खोली दाखवत नाही. म्हणून नक्षी पाहून 'बदला' म्हणणारा आणि बक्षीस पाहून 'चालेल' म्हणणारा, दोघेही नळी न मोजताच बोलत असतात.

किती उरले आहे?

पातळ भिंतीच्या नळीसाठी ताणाचे सूत्र शालेय बीजगणिताच्या आवाक्यातले आहे: दाब गुणिले त्रिज्या भागिले भिंतीची जाडी. बार निघताना सर्वाधिक दाब काडतुसाच्या जागी, पहिल्या काही सेंटिमीटरांत असतो. तिथे नळी चांगली जाड असते. पुढे दाब झपाट्याने उतरतो आणि वजन कमी राहावे म्हणून भिंतही पातळ करीत नेलेली असते. मागच्या टोकापासून सुमारे २३ सेंटिमीटरवर, म्हणजे नऊ इंचांवर, मोजमाप घेण्याची इंग्लिश परंपरा आहे.

हिशेबापुरता तिथला दाब १०० बार, म्हणजे १० मेगापास्कल, धरू. त्रिज्या ९.२५ मिलिमीटर. भिंत १ मिलिमीटर असेल तर ताण ९२ मेगापास्कल येतो. भिंत अर्धा मिलिमीटर उरली असेल तर १८५. आणि ०.३ मिलिमीटर असेल तर ३०८. साधे मऊ पोलाद सुमारे २५० मेगापास्कलला कायमचे ताणले जाऊ लागते. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, तो वेगळाच. इंग्लिश कारागिरांत अर्धा मिलिमीटर ही साधारण खालची मर्यादा मानतात. कायद्यात असा आकडा नाही, पण वरचा हिशेब पाहिला की तो अनुभवातून का आला असावा हे उमगते.

कायदा दुसऱ्या बाजूने बांध घालतो. १९५४ च्या नियमांपासून आतला व्यास इंचाच्या हजाराव्या भागांत ठोकला जाऊ लागला. त्या व्यासात दहा हजारांश इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, वाढ झाली की जुनी परीक्षा रद्द होते. ब्रिटनमध्ये अशी बंदूक बाळगणे गुन्हा नाही, विकणे गुन्हा आहे. व्यास पाव मिलिमीटरने वाढतो म्हणजे प्रत्येक बाजूने त्याच्या निम्मे, सुमारे ०.१३ मिलिमीटर, लोखंड जाते. एवढ्याच खोलीचे खड्डे घासून घालवण्याची मुभा आहे, आणि आधीच्या प्रत्येक मालकाने त्यातले थोडेथोडे खर्च केलेले असते. नळीला बचत खाते म्हटले तर त्यातून पैसे काढता येतात, भरता येत नाहीत.

येथे आपल्याला दुरुस्ती आणि बदल यांच्यातली सीमा सापडते. पोचा म्हणजे धातू जागचा हललेला असतो, गेलेला नसतो. आतून घट्ट बसणारा ठोकळा घालून आणि बाहेरून हलकेच ठोकून तो वर आणता येतो. नळीतून उजेडाकडे पाहिले तर पोच्याची सावली आतल्या चकचकीत भिंतीवर वाकडी पडलेली दिसते. जुने कारागीर नळीचा सरळपणाही खिडकीच्या कडेच्या अशाच सावलीवरून पाहत. फुगवटा त्याहून वाईट, कारण नळीत चिखल अडकून बार निघाला असेल तर धातू तिथे ताणला जाऊन पातळ झालेला असतो. पण खड्डा म्हणजे धातू गेलेलाच. तो घासून 'घालवणे' म्हणजे आजूबाजूचा चांगला धातूही त्याच्या पातळीला आणणे. नळी आरशासारखी चमकते आणि आधीपेक्षा अशक्त असते. चमक पाहून खरेदी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

सैल पट्टीची परीक्षा तर आपल्या घरातलीच आहे. नळ्या सुटया करून टांगायच्या आणि हलकी टिचकी मारायची. माठ घेताना आपण करतो तसेच. घंटेसारखा आवाज आला तर डाग जागेवर आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटला आहे आणि पट्टीखाली पाणी शिरून गंज चालू असण्याचा संभव आहे. पट्टी उचलून, साफ करून पुन्हा कथलाच्या डागाने बसवणे ही चांगली दुरुस्ती होय. नंतर रंग चढवताना मात्र कॉस्टिक सोड्याचे उकळते द्रावण वापरायचे नाही. पोलादाला ते झटपट काळा रंग देते, पण कथील आणि शिसे अल्कलीतही विरघळतात, हे आपण नववी-दहावीला शिकवतोच. तिथे जुनी, कित्येक दिवस लागणारी गंजवण्याची रीतच लागते.

बदलायचेच ठरले तर रस्ते तीन. पूर्णपणे नव्या नळ्या घडवणे सर्वात उत्तम आणि सर्वात महाग. मागचे टोक बंदुकीच्या सांध्यात बसवताना कारागीर त्यावर दिव्याची काजळी धरतो, मिटवून उघडतो, आणि काजळी जिथे पुसली गेली तिथेच कानस लावतो. असे शेकडो वेळा. दुसरा रस्ता, नळ्यांचा मागचा काही सेंटिमीटरांचा जाड भाग ठेवून पुढच्या नळ्या कापून टाकायच्या आणि त्या भागात नव्या पोलादी नळ्या बसवायच्या. सांधा तसाच राहतो, त्यामुळे खर्च बराच कमी होतो. तिसरा, अलीकडचा रस्ता म्हणजे जुनी नळी आतून कातून तिच्यात पूर्ण लांबीची पातळ पोलादी नळी बसवायची. बाहेरची नक्षी शाबूत राहते. तिन्ही बाबतींत परीक्षागृहात पुन्हा बार काढणे आलेच. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीची दुरुस्तीदेखील परवानाधारकानेच करायची असते.)

चौथा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही. बंदूक चालवायचीच नसेल तर यातले काहीच करू नये. हलके तेल लावावे, कोरड्या जागी ठेवावी. खड्डे हाही तिच्या वापराचा पुरावाच आहे, आणि तो कोणत्या टोपीच्या काळातला हे सांगता येते. माझा स्वतःचा कल, भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेलेल्या नक्षीदार नळ्यांच्या बाबतीत, याच बाजूला आहे.

कापून जोडलेल्या नळ्यांवर सांध्याची बारीक रेष दिसते. अनेक कारागीर तिच्यावर कोरीव पट्टा घालून ती झाकतात. पण ब्रिटिश नियमांनुसार अशा नळ्यांवर 'स्लीव्ह्ड' हा शब्द ठोकावाच लागतो. त्यामुळे नळ्या उघडून मागच्या टोकाची खालची बाजू पाहिली, की जुने मुकुटाचे शिक्के, कधी १८७५ ते १८८७ या काळातल्या निमुळत्या तोंडाच्या नळ्यांवर मारलेला 'गोळीसाठी नाही' हा इशारा, बोअरचा जुना आकडा, आणि शेजारी नव्या परीक्षेचे शिक्के व तो शब्द, हे सगळे तळहाताएवढ्या जागेत एकत्र वाचायला मिळते.